तांबडा साबण, पांढरा फेस

साबण विकणारा माणूस स्वच्छ असतो, अशी लोकांची एक प्रामाणिक समजूत आहे. मी आयुष्याची उमेदीची वर्षं बारामती आणि इंदापूर तालुक्यांत साबण विकला. बाजाराची धूळ, बैलगाडीचा फुफाटा आणि सर्व्हिस मोटारीचा धूर एवढं सगळं अंगावर घेऊन मी लोकांना स्वच्छतेचं महत्त्व पटवत असे. संध्याकाळी धर्मशाळेत उतरलो की माझ्याच पेटीतली वडी वापरायची चोरी, कारण मालाचा हिशोब. म्हणून मी कधी मातीनं, कधी हरभऱ्याच्या पिठानं हात धुवायचो. हे आता सांगायला हरकत नाही. कंपनी केव्हाच बुडाली.

संपादक म्हणाले, "नोकरीतले अनुभव लिहा." मी म्हटलं, "अहो, साबणाच्या नोकरीत अनुभव कसले? घासला की संपला." पण त्यांचाही मुद्दा बरोबर होता. दिवाळी अंकात पुढाऱ्यांनी, वकिलांनी, डॉक्टरांनी लिहावं आणि ज्याच्या मालावाचून नरकचतुर्दशी उजाडत नाही त्यानं गप्प बसावं, हा कुठला न्याय?

तर काळ एकोणीसशे तीसच्या दशकातला. आमची कंपनी मुंबईची, नाव घेत नाही. मेलेल्याला नावं ठेवू नयेत. तिचा एकच माल जोरात होता, जास्वंदीच्या फुलासारखा तांबडा भडक अंगाचा साबण. वास गुलाबाचा, रंग जास्वंदीचा आणि वेष्टनावर चित्र कमळाचं. तिन्ही फुलांचा एकमेकांशी काय संबंध, हे मी पुण्याच्या डेपोच्या मॅनेजरांना एकदा विचारलं होतं. त्यांनी मला इंदापूर तालुका जास्तीचा दिला.

मी दौंडहून छोट्या गाडीनं बारामतीला यायचो. त्या गाडीच्या बरोबरीनं चालत जाणं सहज शक्य होतं, पण तिला वाईट वाटू नये म्हणून आत बसायचं. बारामतीहून पुढं मिळेल ते वाहन. इंदापूरचा बाजार, भिगवणचा बाजार, आणि नवीन झालेल्या साखर कारखान्याच्या वसाहती.

माणूस ओळखता आला पाहिजे, असं सगळेच विक्रेते सांगतात. साबणवाल्याला आधी पाणी ओळखावं लागतं. कालव्याच्या काठच्या गावांत पाणी हलकं. तिथं वडी नुसती दाखवली तरी फेस येतो. इंदापूरकडच्या काही विहिरींचं पाणी इतकं जड की त्यात साबण घासला की फेस यायच्याऐवजी नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या वर यायच्या. अशा गावात साबण दाखवायला गेलात की आपलंच तोंड धुवून परत यायचं. म्हणून मी पत्र्याच्या डब्यात बारामतीच्या कालव्याचं पाणी भरून बरोबर न्यायचो. कुणी याला लबाडी म्हणेल. डेपोच्या भाषेत तिला प्रात्यक्षिक म्हणत.

प्रात्यक्षिकाची रीत अशी. बाजारात पितळी घंगाळ मांडायचं, घंटा वाजवायची आणि गर्दीतला सर्वांत मळका हात हेरायचा. हाताच्या मालकाला मानानं पुढं बोलवायचं. कोपरापर्यंत फेस चढवायचा आणि मग सावकाश पाणी ओतायचं. आतून निघालेला हात पाहून कधीकधी मालकच दचकायचा. एका गृहस्थाला लहानपणी गोंदवलेला मारुती इतक्या वर्षांनी परत सापडला. त्यानं तिथंच हात जोडले, अर्थात मारुतीला, मला नव्हे.

या धंद्याचं खरं मर्म मला तेव्हा कळलं. लोक साबण घेत नाहीत, फेस घेतात. वडी म्हणजे फेसाची नुसती हमी. आणि हाच फेस एके दिवशी माझ्या गळ्याशी आला.

सुरुवात इंदापूरच्या एका पैलवानापासून झाली. हा गडी माझ्याकडून एक वडी घेऊन गेला आणि पुढच्या बाजाराला परत आला. हातात वडीची उरलेली, कागदाएवढी पातळ चकती. माझ्यापुढं धरून म्हणाला, "तांबडं कुठं गेलं?"

"कसलं तांबडं?"

"साबणातलं. समदी वडी घासली. म्हटलं कांती तांबूस हुईल. आरशात बघतो तर होतो तसाच काळा. फेस बी पांढराफेक. मग तांबडं गेलं कुठं? मी तांबड्याचे पैसे दिल्यात."

पैलवानाशी वाद घालू नये, एवढी अक्कल मला होती. पण प्रश्न मनात रुतला. खरंच की! वडी तांबडी, पाणी रंगहीन, आणि फेस चुन्यासारखा पांढरा. मी रोज घंगाळभर फेस काढत होतो आणि हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. डेपोत विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "अशा वेळी गिऱ्हाइकाचं लक्ष सुवासाकडं वळवावं." पैलवानाचं लक्ष वळवायचं म्हणजे त्याची मान वळवावी लागली असती, आणि ती मान माझ्या कमरेएवढी होती.

उत्तर मिळालं ते वालचंदनगरच्या वसाहतीत. तिथं भिडे नावाचे एक केमिस्ट राहायचे. त्यांच्या पत्नी माझ्या कायमच्या गिऱ्हाईक. भिडे म्हणजे ज्याला कुणी काही विचारत नाही म्हणून मनातल्या मनात झुरणारे विद्वान. मी प्रश्न विचारला मात्र, त्यांचा चेहरा उजळला. फुटलेल्या हिरव्या बाटलीचा एक तुकडा त्यांनी घरच्या खलबत्त्यात घातला आणि कुटायला सुरुवात केली. आतून वहिनी ओरडल्या, "अहो, त्यात मी वेलदोडे कुटते!" विज्ञान थांबलं नाही. थोड्या वेळानं खलात पिठीसाखरेसारखी पांढरी पूड झाली.

"हिरवा रंग कुठं गेला?" भिड्यांनी विचारलं.

"पैलवान हेच विचारतो," मी म्हटलं.

"कुठंही गेला नाही. काच जाड होती तेव्हा उजेड तिच्यातून लांबचा प्रवास करायचा आणि वाटेत हिरवा व्हायचा. आता एवढ्याशा कणांवर आपटून तो लगेच मागं फिरतो. रंग चढायला त्याला सवडच मिळत नाही. फेसाचं तेच. बुडबुड्याचा पडदा कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. त्यात तांबडा रंग असून असून असणार किती? बाकी सगळी आत हवा. उजेड एका बुडबुड्यावर आपटतो, तिथून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. असा सगळीकडून सगळ्या रंगांचा मिळून परत येतो. सगळे रंग एकत्र आले की आपला डोळा म्हणतो, पांढरं. एकटा बुडबुडा पाहा, त्याच्यावर रंग दिसतात. त्याची जत्रा भरली की पांढरी."

मला ते कळलं. निदान भिडे बोलत होते तोवर कळल्यासारखं वाटलं. पैलवानाला सांगितलं तेव्हा तो सगळं ऐकून म्हणाला, "म्हंजी पैसं परत न्हाईत."

इथवर सगळं गमतीचं होतं. पण आमच्या भागात पांढऱ्या रंगाबद्दल एक जुना संशय होता. विलायती साखर हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करतात, ही बातमी वडिलांच्या पिढीपासून गावोगाव मुरलेली. त्यामुळं कित्येक घरांत साखर वर्ज्य, चहा गुळाचा. उसाच्याच मुलखात उसाची साखर बाटलेली! आता बातमी विलायती साखरेची होती, पण संशयाला परमुलूख काय आणि घर काय. जे जे फार पांढरं, त्यात हाड, असा सरळ हिशोब झाला होता. आणि मी पेटीभर तांबडा साबण घेऊन पांढरा फेस दाखवत फिरत होतो.

सांगवीला गेनबातात्या नावाचे एक बागाईतदार होते. वांगी, मिरची, पेरू असा त्यांचा माल बारामतीला यायचा आणि त्यांच्या मालकीणबाई सारजाबाई पाटीमागं बसायच्या. माझं घंगाळ त्यांच्या शेजारीच. त्यांच्या वांग्यांवर माझे शिंतोडे उडायचे आणि माझ्या गर्दीला त्यांची वांगी खपायची, अशी आमची मैत्री. त्यांच्या मुलीचं, हौसाचं लग्न ठरलं तेव्हा सारजाबाईंनी खास तिच्यासाठी एक वडी घेतली आणि मला बजावलं, "लग्नाला यायचं. तुमचाच साबण हाय. आमच्या हौशीला हळदीनंतर त्यानंच न्हाऊ घालणार. रिठा अन् डाळीचं पीठ म्हाताऱ्यांनी लावावं."

मी गेलो. जेवण फुकट असलं की फिरत्या विक्रेत्याला मुहूर्त आपोआप लक्षात राहतो.

मांडव मोठा झकास होता. वऱ्हाड इंदापूरकडून आलेलं, त्याच्या उतरण्याचा जानवसा शेजारच्या आळीत. नवऱ्या मुलाचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणत, गुऱ्हाळाचे मालक. जन्मात साखर खाल्ली नाही, हा त्यांचा मुख्य पराक्रम आणि तो त्यांनी मला ओळख झाल्या झाल्या सांगितला. मी साबण विकतो हे मी त्यांना सांगितलं नाही. कधी काय सांगावं, हे मला धंद्यानं शिकवलं होतं.

परसात नवरीचं न्हाणं मांडलं होतं. पाटाच्या चार कोपऱ्यांना चार तांबे आणि त्यांच्याभोवती सूत गुंडाळलेलं. न्हाणं पुरं होऊन मोठ्या बायकांनी सूत उचलेपर्यंत नवरीनं बाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी रीत. भोवती धोतरांचा आडोसा. आत बायका गात होत्या, बाहेर आम्ही पुरुषमंडळी ओटीवर बसून, बायकांना किती वेळ लागतो, याबद्दल बोलत होतो. नवऱ्याची आत्या उष्टी हळद घेऊन जानवशावरून आली आणि आत गेली. मुलाच्या आजी म्हाळसाबाई आधीच आत होत्या. गाणी चढली. तांब्यांनी पाणी ओतल्याचा आवाज आला.

आणि आत्याबाईंची किंकाळी आली.

सांगवीचं पाणी हलकं. त्यात सारजाबाईंचा हात सढळ. फेस नुसता फसफसला. हळदीनं माखलेल्या पोरीच्या अंगाला साबण लागला आणि हळद झाली लालभडक. फेस मात्र पांढरा शुभ्र. आत्याबाई जे पाहत होत्या ते त्यांच्या मतानं स्पष्ट होतं. तांबड्या साबणात रक्त आणि हाड दोन्ही होतं. न्हायला घेतल्यावर दोन्ही वेगळं झालं. रक्त नवरीच्या अंगाला चिकटलं, हाड फेसावर आलं. त्या ओल्या पायांनी जानवशाकडं पळाल्या आणि पाठोपाठ आबांना घेऊन आल्या. आबांच्या मागं अख्खं वऱ्हाड. आत्याबाई मात्र पुन्हा आडोशात शिरल्या.

"तात्या," आबा म्हणाले, "माझ्या घरात साखरंचा कण उंबरा वलांडत न्हाय. चुलीम्होरं चहा असतोय त्यो बी गुळाचा. अन् तुमी हाडा-रगतात न्हालेली पोरगी माझ्या घरात धाडताय व्हय? वरात माघारी न्हेतो मी. गाड्या जुपा रं!"

गेनबातात्यांचा चेहरा पडला. त्या काळी मांडवातून वरात परत गेली की दोष साबणाचा होता की सोन्याचा, हे पुढं कुणी विचारत बसायचं नाही. पोरगी टाकलेली ती टाकलेलीच. तात्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. "आबा, पाया पडतो. असं करू नका. माझ्या लेकीचं वाटोळं हुईल." मग त्यांची नजर ओटीवर फिरली आणि माझ्यावर थांबली. उठून त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "ह्यो हाय साबणवाला! ह्येलाच इचारा!"

खरं सांगतो, मागच्या दारानं सटकावं असा विचार आला होता. पण मागच्या दारी आडोसा होता आणि आडोशात ती पोरगी बसलेली.

मी हात जोडून सुरुवात केली. "आबा, तांबड्याचं सांगतो. हळदीला साबण लागला की ती तांबडी होते. हा आमच्या धंद्यातला रोजचा प्रकार आहे. हळदीच्या डागाचं लुगडं साबणानं धुवा, डाग लाल होतो. पुन्हा पाण्यात काढून उन्हात टाकला की जातो. याच्यात रक्त वगैरे काही नाही. आमचा साबण शुद्ध वनस्पती तेलाचा आहे."

"बरं," आबा म्हणाले. "मग फेस पांढरा कशापायी? तांबड्याचा फेस तांबडा याया पायजे. आतमदी पांढरं काय हाय त्ये सांगा."

मी भिड्यांचं सगळं सांगितलं. उजेड बुडबुड्यावर आपटतो, माघारी येतो, सगळे रंग घेऊन येतो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की भिड्यांच्या घरी जे वेदवाक्य वाटलं होतं, ते लग्नाच्या मांडवात थापेसारखं ऐकू येत होतं. वऱ्हाडातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "काय म्हणतोय ह्यो?" दुसरा म्हणाला, "उजेडाला ठेच लागती म्हणं."

मला काचेची पूड आठवली. प्रत्यक्ष दाखवलं की लोकांना पटतं, हा माझा अनुभव. आता लग्नघरात काच कुठली? नवरीला चुडा भरायला आलेला कासार कोपऱ्यात बसला होता. मी त्याच्या पेटीकडं बघितलं. त्यानं पेटी पोटाशी धरली. "काय बी करा, बांगडीला हात लावू नगा," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. लग्नाच्या मांडवात बांगड्या कुटणारा मी पहिलाच ठरलो असतो आणि बहुधा शेवटचा.

मी रिठा काढला. "आबा, रिठा तपकिरी असतो. त्याचा फेस कसा येतो? पांढराच ना?"

"रिठा देवानं केला," आबा म्हणाले. "साबण माणसानं केला. देव रिठ्यात हाड घालत न्हाय."

मग मी शेवटचा बाण काढला. "बरं, तुमच्या गुऱ्हाळातल्या रसाचं बघा. रस काळपट हिरवा. फेस?"

"मळकट!" आबा गरजले.

"पांढरा!" गेनबातात्यांचे मेहुणे पलीकडून म्हणाले. "ताज्या रसाचा फेस पांढराच की. पिऊन झाल्यावर मिशी बघा."

"तुमचं उसात काय चालतं का? तुमी वांग्याची माणसं!"

झालं. हौसाचं लग्न बाजूला राहिलं आणि मांडवात रसाच्या फेसाच्या रंगावरून दोन तट पडले. मळकटवाले एकीकडं, पांढरेवाले एकीकडं. पहिल्या उकळीचा फेस आणि चरकाखालचा फेस यांत फरक करावा असा एक मधला पक्षही निघाला, त्याला दोन्हीकडून शिव्या बसल्या. कुणी म्हणालं, चला गुऱ्हाळावर जाऊ, प्रत्यक्ष बघू. कुणी आधी जेवू म्हणालं. जोशीबोवा मुहूर्ताची घाई करत होते, त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आबांचा आवाज सर्वांच्या वर. त्यांच्या कपाळावरची शीर तटतटलेली, मिशा थरथरत होत्या. हाड, रगात, धर्म, वरात, गाड्या जुपा.

आणि या सगळ्यात, धोतराच्या आडोशाआड, चार तांब्यांच्या आत, पोरगी ओली बसलेली होती. सूत उचलल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं आणि बाहेर बापयांचं उरकल्याशिवाय सूत उचलायची कुणाची टाप नव्हती. वारं सुटलं होतं. मला तिची काळजी वाटत होती आणि आमची सगळ्यांची लाज.

तेवढ्यात आडोशाआडून आवाज आला. दात वाजत होते तरी आवाज खणखणीत.

"आबा!"

नवरीनं सासरच्या थोरल्या माणसाला, तेही अक्षता पडायच्या आधी, हाक मारायची! मांडवातल्या माना आडोशाकडं वळल्या.

"आबा, आत्याबाई फटीतनं बघून सांगत्यात, की वरडून वरडून तुमच्या तोंडाला बी फेस आलाय. त्यो कोणच्या रंगाचा हाय, कुणी तरी बघा. मला हितनं दिसत न्हाय."

पन्नास माणसांची नजर एकदम आबांच्या मिशीकडं गेली. मिशीच्या दोन्ही कोपऱ्यांत फेस होता. पांढरा. साखर न खाल्लेल्या, गुळावर पोसलेल्या माणसाचा निखालस पांढरा फेस.

कुणी हसलं नाही. हसायची छातीच नव्हती. मेहुण्यांनी उपरणं तोंडात कोंबलं. कासार पेटीच्या आड गेला. आबांनी सावकाश उपरण्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि ते टोक डोळ्यांसमोर धरून बघत राहिले. गेनबातात्यांनी डोळे मिटून घेतले होते. आता पोरगी गेलीच, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. माझ्याही मनात तेच आलं.

मग आडोशाआड कुणीतरी हसलं. आधी दबक्या आवाजात, मग पोट धरून. धोतर बाजूला झालं आणि म्हाळसाबाई बाहेर आल्या. आबांच्या पत्नी. डोळ्यांत पाणी, पदर खांद्यावरून घसरलेला. त्यांच्या कपाळावर मळवटासारखा ओला, ताजा तांबडा पट्टा होता. हौसाच्या दंडावरची लाल झालेली हळद त्यांनी बोटानं घेऊन कपाळाला लावली होती.

"बघा," नवऱ्यासमोर उभं राहून त्या म्हणाल्या. "हळदीचं तांबडं झालं म्हंजी काय हुतं त्ये बघा. कुकू हुतं. आवो, कुकू कशाचं करत्यात? हळदीचंच की. खार घालून तांबडं करत्यात. जलमभर माझ्या कपाळावर बघताय, अन् आज पोरीच्या अंगावर दिसलं तर रगात म्हणताय? तुमच्या नावाचंच हाय म्हणून इचारते, पुसू का ह्ये?"

आबा म्हाताऱ्या बायकोच्या कपाळाकडं बघत राहिले. एवढ्या माणसांत नवऱ्यानं बायकोला 'पूस' म्हणायचं? त्यांनी घसा खाकरला. मांडवाचा खांब, आंब्याची डहाळी, जोशीबोवा, सगळं पाहून झालं.

"मुहूर्त टळंल," ते शेवटी म्हणाले. "आटपा की लवकर. बायकांना लई येळ लागतोय."

गेनबातात्या खाली बसले आणि त्यांनी पागोट्यात तोंड लपवलं. ते रडत होते. मलाही भरून आलं, ते मी लपवलं नाही.

"सूत उचला गं," म्हाळसाबाई आत वळून म्हणाल्या. "पोरगी काकडली."

"थांबा जरा," हौसा आतून म्हणाली.

आता हिला काय हवं होतं?

"त्या साबणवाल्या दादांना म्हणावं, मघाशी उजेडाचं सांगत हुता त्ये फिरून सांगा. ह्येंनी दंगा केला. मला नीट ऐकाया आलं न्हाय."

मी चक्रावलो. साऱ्या मांडवात माझं म्हणणं खरं की खोटं, यावर भांडण झालं होतं. ते काय आहे, हे जाणून घ्यायची इच्छा कुणालाच नव्हती. ती त्या काकडलेल्या पोरीला होती. मी आडोशाजवळ गेलो आणि धोतराकडं तोंड करून, माझ्या अख्ख्या धंद्यात कधी बोललो नव्हतो इतक्या जपून बोललो.

"हौसाताई, हातावर फेस असेल तर बघा. एकेक बुडबुडा म्हणजे साबणपाण्याचा नुसता पापुद्रा. त्यात रंग इतका थोडा की दिसत नाही. वरून उजेड पडतो तो एका पापुद्र्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उडत उडत परत आपल्या डोळ्यांत येतो. तो उजेड पांढरा दिसतो. म्हणून फेस पांढरा."

"अन् बुडबुड्याच्या आत?"

"आत काही नाही. हवा."

"आत काय बी न्हाय?"

"काही म्हणजे काहीच नाही."

आतून पाण्याचा एक तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मग इतका येळ बापयमाणसं कशावर भांडत हुती?"

मी मागं वळून पाहिलं. ओटीवरचे सगळे जण खाली मान घालून आपापली पायताणं शोधत होते.